साच्यात धरूनही घरच्या ब्रेडचे काप तिरके येत असतील तर

ब्रेड साच्यात ठेवला, खाचेत सुरी घातली, सावकाश कापलं, आणि काप वर जाड, खाली पातळ. पुढचा नेमका उलटा. टोस्टरमध्ये घातला की पातळ कड करपते आणि जाड बाजू पांढरीच राहते. मुलाच्या डब्यासाठी सँडविच करावं तर दोन काप एकमेकांवर बसत नाहीत आणि बटाट्याची भाजी बाजूने बाहेर येते. एखाद्या वेळी झालं तर हात चुकला म्हणून सोडून देता येतं. माझ्याकडे हे दर आठवड्याला होत होतं, आणि तेही जवळजवळ वर्षभर.

साचा म्हणजे लाकडाचा किंवा प्लास्टिकचा तळ, त्यावर समोरासमोर दोन भिंती आणि भिंतींत सारख्या अंतरावर उभ्या खाचा. काही जण त्याला स्लायसर म्हणतात. ब्रेड दोन भिंतींच्या मध्ये ठेवायचा, सुरी समोरासमोरच्या दोन खाचांत घालायची आणि कापायचं. मी आधी सुरीला दोष दिला आणि सुरी बदलली. मग साच्याला दोष दिला आणि लाकडी सोडून प्लास्टिकचा घेतला. काप तसेच. परभणीत ब्रेड घरी करणारे पुष्कळ आहेत, पण हे नेमकं कुठं बिघडतं ते सांगणारं मला कुणी भेटलं नाही, म्हणून मी जे एकेक करून तपासलं ते इथं लिहिते आहे.

काप आधी नीट बघा

काही बदलायच्या आधी एक काप ताटात आडवा ठेवून उजेडात बघा. बिघाड कुठं आहे ते कापावरच दिसतं, आणि वेगवेगळ्या बिघाडांवर एकच उपाय करत बसलं तर वर्ष जातं. माझं तसंच गेलं.

काप तिरका आहे पण त्याचं अंग स्वच्छ आहे, जाळी मोकळी दिसते, तर ब्रेडमध्ये काही दोष नाही. तिथं सुरी आणि खाच बघायची. कापाचं अंग लेपल्यासारखं गुळगुळीत झालंय, सुरीला कणकेच्या बारीक गोळ्या चिकटल्यात, तर ब्रेड आतून गरम होता किंवा कच्चा राहिला होता. वरची गोलाई चेपून काप बुटका झालाय, तर तुम्ही दाबताय. आणि काप सरळ येतोय पण उचलताना मधोमध मोडतोय, ताटात चुरा पडतोय, तर पिठाकडे आणि पाण्याकडे बघायला हवं.

बहुतेक वेळा यांतले दोन बिघाड एकत्र असतात. माझ्याकडे तिरका काप आणि चेपलेली गोलाई ही जोडी होती, आणि उन्हाळ्यात त्यात लेपलेलं अंग भर घालायचं.

तिरका काप: सुरी, खाच आणि मधली मोकळी जागा

पट्टी घेऊन दोन मापं घ्या. पहिलं माप खाचेच्या रुंदीचं. माझ्या साच्याची खाच ४ मिमी आहे आणि सुरीचं पातं दीड मिमी जाड. म्हणजे खाचेच्या आत पात्याला अडीच मिमी इकडेतिकडे हलायला जागा आहे. काप १२ मिमीचा धरला आणि सुरी वरून निघताना खाचेच्या एका बाजूला, खाली पोचताना दुसऱ्या बाजूला गेली, तर तोच काप वर सव्वातेरा मिमी आणि खाली पावणेअकरा होतो. पुढच्या खाचेत सुरी सरळ गेली तरी तो काप आधीच्या तिरक्या तोंडापासून सुरू होतो, म्हणून तो उलटा तिरका दिसतो. एक वर जाड आणि एक खाली जाड हा प्रकार इथून येतो.

यावर खाच बुजवत बसायची गरज नाही. सुरी पूर्ण वेळ खाचेच्या एकाच भिंतीला टेकवून चालवायची. कोणत्या भिंतीला, हे सुरी सांगते. पात्याच्या दोन्ही बाजूंवरून बोट हलकेच वरून खाली, धारेच्या दिशेने फिरवा, धारेवर नेऊ नका. बऱ्याच दातेरी सुऱ्यांना धार एकाच बाजूने काढलेली असते. दुसरी बाजू सपाट असते. कापताना असं पातं आपोआप सपाट बाजूकडे ओढलं जातं. मग त्याला तिकडेच टेकू द्यायचं. सपाट बाजू डावीकडे असेल तर खाचेच्या डाव्या भिंतीला पातं हलकं लावून ठेवा आणि पहिल्या कापापासून शेवटच्या कापापर्यंत तीच बाजू धरा. डावखुऱ्या माणसाने उजव्या हाताची सुरी वापरली तरी हाच नियम, फक्त हात जरा अवघडतो. दोन्ही बाजूंना धार असेल तर कोणतीही एक बाजू ठरवून घ्या.

दुसरं माप पात्याच्या लांबीचं, आणि माझा घोळ मुख्यतः इथं होता. साच्याची आतली रुंदी १३ सेंमी, दोन्ही भिंती एकेक सेंमी, म्हणजे सुरीला समोरासमोरच्या दोन्ही खाचांत टेकून राहायला १५ सेंमी तर लागतातच. माझी सुरी २० सेंमीची. पुढे-मागे ओढायला उरले पाच सेंमी. मी नेहमीसारखी लांब ओढ घेतली की सुरीचं टोक पलीकडच्या खाचेतून आत सुटायचं, ब्रेडमध्येच वाकडं व्हायचं आणि पुढच्या रेट्याला तसंच खाली जायचं. २५ सेंमीचं पातं घेतलं आणि ओढायला दहा सेंमी मिळाले. दुकानात सुरी निवडताना मूठ सोडून फक्त पातं मोजा. खोक्यावरचं माप कधीकधी मुठीसकट असतं.

पातं फार पातळ आणि लवचीक असेल तर दोन भिंतींच्या मध्ये, जिथं त्याला कशाचाच टेका नाही, तिथं ते धनुष्यासारखं वाकतं. मग कापाच्या कडा बरोबर येतात आणि पोट फुगतं किंवा खोल जातं. एका हाताने मूठ धरून दुसऱ्या हाताने पात्याच्या मागच्या बाजूला मधोमध हलकं ढकलून बघा. सहज वाकत असेल तर ती सुरी केकला ठेवा.

साचाही तपासायचा राहू देऊ नका. मुलाच्या कंपासपेटीतला गुण्या तळावर उभा करून भिंतीला लावा. मधून उजेड दिसला तर भिंत झुकलेली आहे. मग समोरासमोरच्या दोन खाचांतून स्टीलची पट्टी आडवी घाला आणि ती भिंतीशी काटकोनात आहे का तेही त्याच गुण्याने बघा. माझ्या लाकडी साच्यात एक भिंत जरा झुकलेली निघाली, म्हणून तो मी आमच्या गल्लीतल्या सुतार मामांकडे नेला. ते दारं-खिडक्या करतात. चौकटीचे कोपरे सरळ कापायला त्यांच्याकडे असाच खाचांचा लाकडी डबा आहे, करवत त्यात घालून चालवतात, त्यामुळे साचा हातात घेताच त्यांना सगळं कळलं. भिंत त्यांनी दहा मिनिटांत सरळ केली. मग म्हणाले, "ब्रेड आणा, माझ्यापुढं कापा."

मी घरून ब्रेड आणला आणि त्यांच्या कामाच्या फळीवर कापायला लागले. दुसऱ्याच कापाला त्यांनी हात वर केला. "ताई, दाबायलात कशाला? करवत कुणी दाबतं का? ओढायची. तिचं वजन तिला पुरतं." मग वाकून साच्यात बघितलं. "आणि ब्रेड आत नाचायलाय बघा."

खरंच नाचत होता. माझा ब्रेड १० सेंमी रुंद, साचा आतून १३. प्रत्येक ओढीला ब्रेड सुरीबरोबर पुढे जायचा आणि परत यायचा, आणि दर वेळी थोडा फिरायचा. डाव्या हाताने धरून ठेवला तरी तळाशी तो सरकायचाच. मामांनी सागवानाच्या ढलप्यांतून हातभर लांबीची एक पट्टी घेतली, रंध्याने एका अंगाला निमुळती केली आणि ब्रेड नि भिंत यांच्या मध्ये बसवली. पाचर. ब्रेड पलीकडच्या भिंतीला टेकला आणि हलायचा थांबला. पाचर घट्ट ठोकायची नाही, नाहीतर ब्रेडच चेपतो आणि कापल्यावर काप फुगून वेडेवाकडे होतात. बोटाने सरकवता येईल इतकी सैल ठेवायची. तेव्हापासून ती पाचर साच्यातच असते. सुतार जवळ नसेल तर धुतलेली, कोरडी लाकडी पट्टी किंवा बटरपेपरात गुंडाळलेला जाड पुठ्ठा चालतो.

साचाच ओट्यावर सरकत असेल तर खाली ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं पसरा. ग्रॅनाइटवर कोरडं फडकं उलट जास्त सरकतं.

तळाचं साल सुटत नसेल तर

काही साच्यांत खाच तळापर्यंत जात नाही, पाच-सात मिमी वरच थांबते. सुरी तिथं अडते, ब्रेडचं खालचं साल कापलं जात नाही, आणि आपण काप ओढून काढतो तेव्हा तळ फाटतो. ब्रेडच्या खाली खाचेच्या तळापेक्षा थोडी उंच अशी पातळ फळी किंवा बटरपेपर लावलेला पुठ्ठा सरकवला की झालं. स्टीलचं ताट मात्र खाली घालू नका, सुरीचे दात त्यावर बसतात.

विळीवर तयार झालेला हात

मामांचं बोलणं मी घरी येऊन पुष्कळ वेळ डोक्यात घोळवलं. मी दाबते का, तर आपला हात विळीवर तयार झालेला असतो. विळीवर पातं जागचं हलत नाही, आपण कांदा किंवा मेथीची जुडी त्यावर लोटतो. जोर पुढे आणि खाली. भाकरी तर आपण मोडून खातो. संभाजीनगरचं नान-खलिया खाणारेही नान हातानेच तोडतात. लांब पातं आडवं ओढून मऊ वस्तू कापायची सवय आपल्या स्वयंपाकघरात फारशी नव्हतीच. त्यामुळे ब्रेड समोर आला की हात आपसूक विळीसारखाच जोर लावतो.

दातेरी सुरीचं काम करवतीसारखं चालतं. पहिल्या दोन ओढींत फक्त सालावर एक रेघ पडू द्यायची. सुरीची मूठ तीन बोटांत धरून बघा, मुठीत आवळून धरली की जोर येतोच. ओढ हळू, आणि सुरीचं टोक पलीकडच्या खाचेतून सुटणार नाही इतकीच लांब. माझ्या ब्रेडला एका कापाला दहा-बारा ओढी लागतात. चार ओढींत काप सुटत असेल तर नक्की दाब पडतोय. खाली साल आलं की सगळ्यांनाच एकदा जोर देऊन संपवावंसं वाटतं. तिथंच काप तिरका होतो. शेवटच्या सालालाही तीन-चार ओढी द्या.

ब्रेड कुशीवर आडवा ठेवून कापला तर आणखी सोपं जातं. गोल, गुळगुळीत माथ्यावर सुरी घसरते आणि माथाच आधी चेपतो. कुशीची बाजू सपाट असते, टिनमध्ये भाजल्यामुळे कडकही असते, सुरी तिथं लगेच धरते. टिनच्या वर फुगून बाहेर आलेला ब्रेड साच्यात उभा मावत नसेल तर असाच आडवा मावतो. आणि कापलेले काप लगेच बाहेर काढू नका. सगळ्या खाचा कापून होईपर्यंत तसेच उभे राहू द्या, शेजारच्या कापाचा टेका मिळतो.

सुरीच बोथट असेल तर यातलं काही उपयोगी पडत नाही. सालावर नुसती ठेवून, वजन न देता दोन वेळा ओढा. तिने साल धरलं नाही तर दात गेलेत. सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे दातेरी सुरी देऊ नका. तो साध्या सुरीला छान धार लावतो, पण सपाट चाकावर दातेरी पातं धरलं की दात घासून निघतात. दातांच्या मधल्या प्रत्येक खोलगट जागेत गोल कानस घालून, फक्त धार काढलेल्या बाजूनेच चार-पाच हात मारायचे. अर्धा तास लागतो, पण सुरी परत चालते.

गरम ब्रेड आणि इथला मे महिना

भट्टीतून निघताना ब्रेडचा आतला भाग ९३ ते ९६ अंश सेल्सिअस असतो. पिठातला स्टार्च तेव्हा पाणी पिऊन फुगलेला आणि मऊ असतो, जवळजवळ खळीसारखा. थंड होत गेला की तो घट्ट होतो, आतली वाफ हळूहळू सालाकडे जाते, आणि मग जाळी सुरीखाली उभी राहू शकते. त्याआधी कापला की सुरी जाळी कापत नाही, फरफटत नेते. कापाचं अंग लेपलेलं दिसतं ते यामुळे. बेकऱ्यांमध्येही ब्रेडचा गाभा ३५ ते ४० अंशांच्या आसपास उतरल्यावरच कापतात.

सगळ्या पाककृतींत "खोलीच्या तापमानाला येऊ द्या" एवढंच लिहिलेलं असतं. डिसेंबरात ठीक आहे, सकाळी भाजलेला ब्रेड दोन-अडीच तासांत कापता येतो. पण मे महिन्यात परभणीचा पारा ४२-४३ वर असतो. आमच्या स्वयंपाकघरात दुपारी चारला भिंतीवरचा तापमापक ३९ दाखवतो. माडीवर, पत्र्याखाली स्वयंपाकघर असेल तिथं विचारूच नका. एका दुपारी दोनला काढलेल्या ब्रेडमध्ये मी टोचायचा थर्मामीटर घालून बघितलं, सव्वापाचला गाभा अजून ४५ अंशांवर. सालाला हात लावला तर ब्रेड गार वाटत होता. कापला आणि सुरीला लेप लागला. खोलीच इतकी तापलेली असेल तर ब्रेड तिच्या खाली जाणार कसा?

म्हणून उन्हाळ्यात मी वेळच बदलली. कणीक दुपारी भिजवते, उन्हाने ती झपाट्याने फुगते, म्हणून पाणी माठातलं घेते आणि यीस्ट थोडं कमी. ब्रेड संध्याकाळी सातच्या सुमाराला बाहेर निघतो. टिनमधून लगेच काढून जाळीवर, जाळीखालून हवा फिरेल अशी जागा बघून. रात्रभर तसाच, वर धुतलेला सुती पंचा. सकाळी साडेपाचला घर सगळ्यात गार असतं, तेव्हा कापायचा. प्लास्टिकच्या पिशवीत रात्र काढली तर ब्रेडला घाम सुटतो आणि साल चामड्यासारखं होतं, म्हणून पिशवी कापून झाल्यावरच.

मुंग्यांची भीती असतेच. आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या. जाळीच्या चारही पायांखाली मी तशाच चार वाट्या ठेवते. एकही मुंगी चढत नाही.

त्याच दिवशी कापायचा असेल तर कूलर कामाला येतो. आपल्याकडची उन्हाळ्यातली हवा कोरडी, त्यामुळे कूलरची हवा बरीच गार मिळते. कूलरपासून चार-पाच हातांवर, पंचा टाकून, तास-दीड तास. फार जवळ ठेवला तर दमट हवेने साल मऊ पडतं. नुसत्या छताच्या पंख्याखाली उघडा ठेवला तर उलटं होतं. साल इतकं वाळतं की सुरी लागताच माथ्याला तडा जातो आणि कापाची कड तुटते. आणखी एक मार्ग आहे: ब्रेड खोलीइतका गार झाल्यावर डब्यात बंद करून अर्धा तास फ्रिजमध्ये. तेवढ्याने गाभा घट्ट होतो आणि काप सुरेख सुटतो. अर्ध्या तासाने काढायचा मात्र विसरू नका, फ्रिजमध्ये ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो.

वेळ देऊनही अंग चिकट येत असेल, विशेषतः खालच्या बाजूला ओल्या कणकेची एक गडद रेघ दिसत असेल, तर ब्रेड कच्चा आहे. ओटीजी, म्हणजे घरची विजेची भट्टी, चालू असताना वीज गेली की हे हमखास होतं. भट्टी उघडायची नाही, आतल्या उष्णतेत राहू द्यायचं, आणि वीज आल्यावर नेहमीच्या वेळेवर भरवसा न ठेवता गाभा ९३च्या वर गेला का ते बघायचं.

पावसाळ्यात

दमट हवेत साल मऊ आणि चिवट होतं, सुरी धरत नाही. कापायच्या तासभर आधी ब्रेड १८० अंशांच्या भट्टीत पाच मिनिटं ठेवा, साल पुन्हा कडक होतं. मग पाऊण तास तरी गार होऊ द्या. लाकडी साचा याच दिवसांत फुगतो आणि खाचा आवळतात, सुरी अडकायला लागते. घाई करून खाच कानसीने मोठी करू नका. दिवाळीनंतर लाकूड वाळलं की तीच खाच परत सैल होते आणि तुम्ही वाढवलेली जागा उगाच राहते. पॉलिश पेपरची पट्टी खाचेत दोन-चार वेळा ओढली की पावसाळा निघतो.

ज्वारीचा ब्रेड मोडतो तेव्हा

आपल्या भागात ब्रेड करायचा आणि त्यात ज्वारी नाही, हे मला पटत नाही. घरी मालदांडीचं पोतं असतंच. पण ज्वारीत ग्लूटेन नसतं. गव्हाच्या कणकेला जो ताण धरतो, जी जाळी बांधली जाते, ती ज्वारी बांधू शकत नाही. निम्मं पीठ ज्वारीचं घातलं तर कितीही चांगला साचा आणि सुरी असू दे, काप हातात मोडतो.

मी चौथा हिस्सा ज्वारी घेते. ३०० ग्रॅम पिठात २२५ ग्रॅम गहू आणि ७५ ग्रॅम ज्वारी. आणि ते ७५ ग्रॅम कोरडं घालत नाही. भाकरीचं पीठ विरी गेलेलं असलं की आपण काय करतो? उकळतं पाणी घालून उकड घेतो, म्हणजे पिठाला चिकटपणा येतो आणि भाकरी थापताना तुटत नाही. तेच इथं. ज्वारीच्या पिठावर साधारण ११० मिली उकळतं पाणी ओतायचं, चमच्याने ढवळून दहा मिनिटं झाकायचं. पीठ गोळा होऊन चमकदार दिसायला लागतं. ते पूर्ण गार झाल्यावर गव्हाच्या पिठात मिसळून, बाकीचं पाणी लागेल तसं घालायचं. गरम असताना मिसळलं तर यीस्ट मरतं. या एका बदलाने माझ्या ज्वारीच्या ब्रेडचा चुरा निम्म्याहून कमी झाला. तरी हा ब्रेड भाजला त्या दिवशी कापू नका, आणि १२ मिमीचे काप मागू नका. दुसऱ्या दिवशी, १५ मिमीचे.

गिरणीतून दळलेल्या गव्हातला कोंडाही काप तोडतो, कारण कोंड्याचे कण जाळीला भोकं पाडतात. पीठ चाळून कोंडा वेगळा काढा, तो अर्धा तास पाण्यात भिजवा आणि मग परत त्याच कणकेत घाला. टाकायचा नाही.

कापून झाल्यावर

अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या चिलिकॉथी गावात ७ जुलै १९२८ रोजी ओटो रोव्हेडर यांच्या यंत्राने कापलेला ब्रेड विकायला आला, तेव्हा बेकरीवाल्यांना मोठी भीती हीच होती की कापलेला ब्रेड लवकर वाळेल. भीती बरोबर होती. म्हणूनच ब्रेड कापल्यावर त्याला लगेच कागदात गुंडाळायची सोय करावी लागली. घरीही कापलेला ब्रेड उघडा ठेवू नका. उन्हाळ्यात इथं पंख्याखाली वीस मिनिटांत कापाचं अंग खरबरीत होतं. दोन दिवसांत संपणार असेल तेवढा हवाबंद डब्यात बाहेर, उरलेला लगेच फ्रीझरमध्ये, दोन-दोन कापांत बटरपेपर घालून. तिथून थेट तव्यावर टाकता येतो.

साच्यातला चुरा जुन्या टूथब्रशने रोज झाडा. खाचांत राहिलेला चुरा पावसाळ्यात बुरशी धरतो आणि पुढच्या ब्रेडला लावतो. लाकडी साचा पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. आपल्या उन्हात ठेवला तर दोन दिवसांत तडकतो. वर्षातून एकदा करडईच्या तेलाचा हात अगदी हलका फिरवायचा, कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचा आणि आठवडाभर वाळू द्यायचा. करडईचं तेल लाकडावर सुकतं. जास्त लावलं तर मात्र चिकट राहतं आणि चुरा धरून ठेवतं.

शेवटचा तुकडा

शेवटच्या तीन-चार सेंमीला धरायला जागाच नसते. बोटं खाचेजवळ येतात, तुकडा कलंडतो, आणि इतका वेळ सरळ आलेल्या कापांनंतर शेवटचे दोन तिरके होतात. पहिल्यांदा कापलेलं टोक टाकून न देता बाजूला ठेवा. ब्रेड संपत आला की ते टोक मागून, कापलेली बाजू ब्रेडला लावून साच्यात बसवा आणि त्याला तळहाताने टेका द्या. बोटं सुरीपासून लांब राहतात आणि तुकडा उभा राहतो. दोन्ही टोकं उरतात ती आई दुधात कुस्करून, वर थोडा गूळ किसून खातात. आमच्या घरी त्यांच्या वाटणीची टोकं कुणी उचलत नाही.